मेंदूतला डिंक

गेल्या वर्षी गणपतीत आजीने मला विचारलं, "कोनाचा रं तू?"

आमच्या मुर्ध्यात हा प्रश्न नवा नाही. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकमेकांना चिकटून आहेत. इथली म्हातारी माणसं समोर आलेल्या कुठल्याही पोराला हे विचारतात, आणि बापाचं नाव सांगितलं की पुढची नाती स्वतःच सांगत बसतात. पण मी आजीच्याच घरात अठ्ठावीस वर्षं राहतोय. मी बाबांचं नाव सांगितलं. ती हसली, आणि परक्याला म्हणावं तसं "बस, चाय घे" म्हणाली.

त्याआधी वर्षभर घरात सगळे एकच म्हणत होते, साठी बुद्धी नाठी. आजी पहाटे अंधारात उठायची आणि "आगराव जावाचा हाय" म्हणत चपला शोधायची. मिठागरावर जाणं तिने माझ्या जन्माआधीच सोडलं होतं. एका डॉक्टरांनी तिला दोन मिनिटं पाहिलं, "वयोमान" म्हणाले आणि टॉनिक लिहून दिलं. पुढे मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेलो, तपासण्या झाल्या, आणि कागदावर शब्द आला : अल्झायमर.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी सिस्टीम बिघडली की आम्ही आधी तिचा इतिहास उघडतो. कोणी, कधी, काय बदललं, आणि कुठली गोष्ट 'हिला काही होत नाही' म्हणून कोणी तपासलीच नाही. बग बहुतेक वेळा तिथेच सापडतो. आजीच्या आजाराचा इतिहासही मी त्याच सवयीने वाचायला घेतला.

सरस, डिंक, भरताड

१८५६ साली जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खोने मेंदूतल्या चेतापेशींच्या मधल्या भागाला एक नाव दिलं : न्यूरोग्लिया. ग्लिया हा ग्रीक शब्द, अर्थ सरस किंवा डिंक. विचार करणाऱ्या पेशी महत्त्वाच्या, आणि हा ऐवज त्यांना जागच्या जागी धरून ठेवणारा. फर्निचरच्या खोक्यात थर्माकोल असतो तसा. नाव एकदा पडलं की नजरही तशीच होते. पुढची कित्येक वर्षं मेंदूचा अभ्यास म्हणजे मुख्यतः चेतापेशींचा अभ्यास राहिला.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर अलोइस अल्झायमरने तिला नाव विचारलं, तिने सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर पुन्हा स्वतःचंच सांगितलं. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा अल्झायमर म्युनिकला होता. त्याने तिचा मेंदू मागवून घेतला आणि काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चेतापेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले, बाहेर साचलेले ठिपके दिसले. आज त्यांना टँगल्स आणि प्लाक्स म्हणतात. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. पण त्याच्या टिपणात आणखी एक नोंद आहे : ग्लियाचे तंतू फार वाढलेले होते. डिंकात काहीतरी घडतंय, हे त्याला दिसलं होतं. ३ नोव्हेंबर १९०६ ला त्याने ट्युबिंगनच्या सभेत हे सगळं मांडलं. कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

त्याच काळात प्रागमध्ये ऑस्कर फिशर हेच काम करत होता. १९०७ मध्ये त्याने वार्धक्यातल्या स्मृतिभ्रंशाचे १६ मेंदू तपासले आणि १२ मध्ये ते ठिपके पाहिले. १९१० मध्ये त्याने एक तर्क मांडला : हा साचलेला पदार्थ मेंदूला परका वाटत असावा आणि त्याच्याभोवती दाह होत असावा. बोटात काटा रुतला की आजूबाजूचं मांस सुजतं, तसं. मग त्याने प्रामाणिकपणे दाहाच्या खुणा शोधल्या. त्या काळच्या साधनांनी एकही सापडली नाही, आणि तर्क मागे पडला. फिशर ज्यू होता. नाझींनी त्याला पकडून टेरेझिनच्या तुरुंगात टाकलं. तिथे १९४२ मध्ये तो मेला.

तिसरा माणूस माद्रिदचा. पिओ देल रिओ ओर्तेगाने १९१९ मध्ये चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगवायची स्वतःची रीत वापरून डिंकातली एक वेगळीच पेशी दाखवली. लहान, बऱ्याच फांद्यांची, इजा झाली की आकार बदलून तिकडे सरकणारी, मेलेला कचरा गिळणारी. त्याने तिला मायक्रोग्लिया म्हटलं. पुढच्याच वर्षी त्याला आपल्या गुरूची, नोबेलविजेत्या काहालची, प्रयोगशाळा सोडावी लागली. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि देशही सुटला. पॅरिस, ऑक्सफर्ड, शेवटी ब्युनोस आयर्स. तिथे १९४५ मध्ये तो वारला.

हे वाचताना मला स्वतःची नोकरी आठवत होती. आमच्याकडे तीन महिन्यांत फीचर बाहेर आलं नाही तर मीटिंग बसते. फिशरचा तर्क बरोबर होता की चूक, हे कळायला ७२ वर्षं लागली.

७२ वर्षांनी

१९८२ मध्ये नेदरलँड्समधल्या आयकेलेनबूम आणि स्टाम यांनी त्या ठिपक्यांमध्ये कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं दाखवली. ही आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेची हत्यारं. फिशर हेच शोधत होता, फक्त आता नेमक्या प्रथिनाला जाऊन चिकटणारे रंग हाताशी होते. १९८७ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये पॅट्रिक आणि एडिथ मॅक्गीअर या नवराबायकोच्या गटाने अल्झायमरच्या मेंदूंत चवताळलेल्या मायक्रोग्लिया दाखवल्या.

फिशरला खुणा का सापडल्या नव्हत्या, हे आता समजतं. काटा रुतल्यावर सूज येते ती रक्तातून धावून आलेल्या पांढऱ्या पेशींमुळे. तो तीच बाहेरून आलेली फौज शोधत होता. मेंदूत मात्र लढणारे घरचेच होते, आणि त्यांची नोंद डिंक म्हणून झालेली होती.

२००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत डोकावणारे सूक्ष्मदर्शक वापरले गेले, तेव्हा आणखी एक गैरसमज गेला. निरोगी मेंदूतल्या मायक्रोग्लियांना तोवर 'विश्रांतीतल्या' म्हणत. प्रत्यक्षात त्यांच्या फांद्या सतत हलत होत्या, आजूबाजूचा प्रत्येक कोपरा चाचपत होत्या. उधाणाच्या रात्री बांध कुठे फुटला का बघत मिठागरावर फेऱ्या मारणाऱ्या माणसासारख्या.

सूज उतरवली की झालं?

दाह हाच गुन्हेगार असेल तर दाह कमी करणारी औषधं आहेतच की. मॅक्गीअर यांनी नेमका हाच विचार केला. संधिवाताचे रुग्ण वर्षानुवर्षं सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेतात आणि त्यांच्यात अल्झायमर कमी दिसतो, हे त्यांनी १९९० मध्ये मांडलं. १९९२ मध्ये त्यांनी जपानमधल्या वृद्ध कुष्ठरोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषधं चालू असलेल्यांत स्मृतिभ्रंश कमी होता. त्यातलं मुख्य औषध डॅप्सोन, ज्यात दाह शमवण्याचाही गुण आहे. आपल्याकडेही कुष्ठरोगावर ते वर्षानुवर्षं दिलं गेलंय.

मग खरी परीक्षा झाली. अमेरिकेत २००१ मध्ये अडॅप्ट नावाची चाचणी सुरू झाली. सत्तरी गाठलेली आणि घरात अल्झायमरचा इतिहास असलेली २,५२८ माणसं. काहींना नॅप्रोक्सेन, काहींना सेलेकॉक्सिब, काहींना नुसती साखरेची गोळी. हृदयाला धोका होईल या भीतीने डिसेंबर २००४ मध्ये औषधं थांबवली. स्मृतिभ्रंश टळल्याचं काही दिसलं नाही.

इथे हळदीचं सांगायलाच हवं, कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर आजीच्या आजारावर आलेला पहिला फॉरवर्ड हळदीचाच होता. तो निव्वळ थाप नव्हता. २००१ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी अल्झायमरसारखी लक्षणं निर्माण केलेल्या उंदरांना हळदीतलं कर्क्युमिन दिलं, तेव्हा मेंदूतला दाह आणि ठिपके दोन्ही कमी झाले होते. पुढे माणसांवर छोट्या चाचण्या झाल्या, एक हाँगकाँगमध्ये, एक अमेरिकेत. फायदा दिसला नाही. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं, हे त्याचं एक कारण असू शकतं. काकी आजीला रात्री हळदीचं दूध देते. द्यावं. दूध पिऊन तिला झोप लागते, तेवढंही पुष्कळ आहे.

गोळ्या का हरल्या याचा एक धागा २०१३ च्या सुरुवातीला मिळाला. दोन वेगवेगळ्या गटांनी, एक आइसलँडच्या लोकांची जनुकं वाचणारा, एकाच जनुकाकडे बोट दाखवलं : ट्रेम-२. त्यातल्या एका दुर्मीळ बदलाने अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट होतो. आणि मेंदूत हे जनुक चालतं ते मुख्यतः मायक्रोग्लियात. ते अधू झालं की मायक्रोग्लिया चवताळत नाहीत, उलट ढिल्या पडतात. ठिपक्यांभोवती नीट गोळा होत नाहीत, सफाई अर्धवट राहते. म्हणजे या पेशी घर जाळतातही आणि घर झाडतातही. कुठल्या टप्प्यावर काय, हे कळल्याशिवाय सरसकट त्यांचे हात बांधले तर झाडणंही थांबतं.

२०१७ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाने उंदरांच्या मेंदूतली एकेक पेशी वेगळी काढून तिच्यात कुठली जनुकं चालू आहेत ते वाचलं. हजारो पेशी, प्रत्येकीची हजारो जनुकं. त्या आकड्यांच्या ढिगातून मायक्रोग्लियाची एक वेगळी अवस्था हाती लागली, फक्त आजारातच दिसणारी, ठिपक्यांजवळ राहणारी. तिच्यापर्यंत पूर्ण पोचायला ट्रेम-२ लागतं. हा निबंध मी ट्रेनमध्ये वाचला, आणि माझं स्टेशन चुकलं. कारण त्यातली निम्मी कामं मला येत होती. ढीगभर डेटा साफ करणं, सारखे गट शोधणं, खोटे गट ओळखून फेकणं. मी हेच करतो, फक्त लोक ऑनलाइन काय विकत घेतात यासाठी करतो.

आपल्याकडे कोण होतं?

फ्रँकफर्ट, प्राग, माद्रिद, व्हँकुव्हर. तेव्हा मुंबईत कोण काय करत होतं? मेंदूचे काप रंगवण्याआधी एक साधं काम इथे बाकी होतं : मोजणं.

ते वास, पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. मुंबईतल्या चाळिशीपुढच्या २४,४८८ माणसांची पाहणी. आधी सगळ्यांची चाळणी, मग संशयितांची सविस्तर तपासणी. २००१ मध्ये निष्कर्ष छापले गेले. पासष्टीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २.४४ टक्के. दारोदार जाऊन 'आज वार कोणता', 'तुमच्या गल्लीचं नाव काय' विचारत फिरणं कुठल्याही सिनेमात दाखवत नाहीत. पण ते झालं नसतं तर 'आपल्याकडे एकत्र कुटुंब, आपल्याकडे हा आजार नाही' हे वाक्य अजून चाललं असतं. अलीकडे, २०२३ मध्ये, देशभराच्या पाहणीवरून अंदाज आला : साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यातली एक आमच्या ओटीवर बसते.

१९९८ मध्ये कोचीनला जगभरच्या संशोधकांनी एक गट काढला आणि त्याला आकड्यांचंच नाव दिलं : १०/६६. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि लोकांमध्ये जाऊन केलेल्या संशोधनातलं १० टक्केही तिथे नाही, हा त्याचा अर्थ. या गटाचं एक महत्त्वाचं काम गोव्यात झालं. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी तिथल्या लोकांशी बोलून २००१ मध्ये लिहिलं की स्मृतिभ्रंशाची लक्षणं लोक अचूक ओळखतात, पण त्याला आजार मानत नाहीत. म्हातारपण मानतात. आमचं टॉनिक मला तिथेच आठवलं.

मग गोवा मेडिकल कॉलेजचे अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाच्या घरी सहा महिने प्रशिक्षित सल्लागार जात राहिले. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी साधी माणसं होती. आजार काय आहे ते समजावणं, रुग्ण चिडला तर काय करायचं ते सांगणं, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेणं, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून देणं. २००८ मध्ये निकाल छापला. रुग्णाची स्मृती परत आली नाही. सांभाळणाऱ्याचं मानसिक आरोग्य मात्र सुधारलं.

मी हे वाचलं आणि काकीकडे पाहिलं. आजीला आंघोळ काकी घालते. रात्री तीनला दाराची कडी वाजली की काकीच उठते. आम्ही डॉक्टरला आजीबद्दल शंभर प्रश्न विचारले, काकीबद्दल एकही नाही. घर जिने जागच्या जागी धरून ठेवलंय तिला आम्हीही डिंकच समजत होतो.

भाईंदर ते नेव्हीनगर

हे वाचत असताना मी एक अर्ज भरत होतो. मेंदूतल्या पेशींच्या डेटावर काम करणाऱ्या एका गटात संशोधन सहायकाची जागा, पुढे जमलं तर पीएचडी. पगार आत्ताच्या निम्म्याहून कमी. बाबा म्हणाले, "पाच-सहा वर्षं शिकशील, मंग?" मंग पोस्टडॉक, मग कुठे जागा मिळाली तर मिळाली. घराचा हप्ता अजून नऊ वर्षं आहे.

उदाहरण म्हणून मी त्यांना शुभा टोळेंबद्दल सांगितलं. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, कॅलटेकला पीएचडी, शिकागोला पुढचं संशोधन, आणि १९९९ पासून कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये स्वतःची प्रयोगशाळा. भाईंदरहून चर्चगेट, तिथून नेव्हीनगरची बस, इतक्या जवळ. त्यांचा विषय स्मृतिभ्रंश नाही. गर्भात मेंदू घडतो कसा, हा आहे. त्यात हिप्पोकॅम्पस आला, आठवणी साठवायला लागणारा भाग, आणि अल्झायमरमध्ये सगळ्यात आधी झिजणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की तिथे घडणारी पेशी चेतापेशी व्हायची की ग्लिया, हे ठरवण्यात एलएचएक्स-२ या जनुकाचा हात असतो. डिंकातल्या काही पेशी आणि विचार करणाऱ्या पेशी एकाच मूळ पेशीपासून निघतात, आणि एका जनुकाने फाटा बदलतो.

"यान् आजीला काय फायदा?" बाबांनी विचारलं.

काही नाही. हे मी खरं तेच सांगितलं. ऑगुस्ट डेटरला अल्झायमरचा फायदा झाला नाही. फिशरला तर स्वतःचाही झाला नाही. ओर्तेगाने पेशीला नाव दिलं आणि ती या आजारात काय करते हे कळायच्या आत परदेशात मेला. या क्षेत्रात माणसं बहुधा आपल्या घरच्या रुग्णासाठी उशीराच पोचतात. पण फिशरने 'सापडलं नाही' असं लिहून ठेवलं, आणि ७२ वर्षांनी दुसऱ्या कोणाला ते सापडलं. मुंबईतल्या पाहणीत कोणीतरी दारोदार जाऊन २४,४८८ माणसांना प्रश्न विचारले असतील, त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. मी गेलोच तर त्याच रांगेत उभा राहीन, पार मागे.

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेत फोन करून हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का ते विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही, माझ्या अर्जाचंही नाही.

एक गोष्ट मात्र लगेच बदलता आली. आता रविवार माझा आणि बाबांचा. काकी सकाळीच वसईला बहिणीकडे जाते आणि संध्याकाळच्या ट्रेनने येते. पहिल्या रविवारी तिने चार वेळा फोन केला. गेल्या रविवारी एकदाही नाही.

काल पहाटे कडी वाजली तेव्हा मी उठलो. आजी चपला घालून दारात उभी होती. "पानी आयला का?" तिने विचारलं. आगरात भरतीचं पाणी आलं का, असं. पूर्वी मी म्हणायचो, आजी, आता कसलं आगर? मग ती घाबरायची, आणि सगळं घर जागं व्हायचं.

"अजून नाय आयला," मी म्हटलं. "आला की उठवतो."

ती थोडा वेळ खाडीच्या दिशेने पाहत राहिली. मग चपला काढून आत गेली.